मिणूला हवा मूठभर बर्फ

समुद्राच्या पलीकडे, लांब लांब, इंग्लंडमध्ये एक गाव होतं. टेकडीखालचं. गावाभोवती हिरवं कुंपण. कुंपणात एक बीळ. बिळात एक इवलंसं उंदराचं पिल्लू. नाव तिचं मिणू.

त्या गावाची एक रीत होती. कुणीही भेटलं, की आधी हवेचं बोलायचं. मग बाकीचं.

ऊन पडलं की म्हणायचं, “छान ऊन आहे, नाही? टिकलं म्हणजे मिळवली!”

पाऊस आला की म्हणायचं, “आला बाई पुन्हा!”

एक दिवस उकडलं, की सगळं गाव टोप्यांनी वारा घ्यायचं. “काय हा उन्हाळा! जीव नकोसा झाला!”

आणि थंडी आली, की सगळे वर बघायचे. “यंदा बर्फ पडेल का हो?”

मिणूला मात्र सदा घाई. हवेचं बोलायला वेळ कुणाला?

मिणूचा एक हेजहॉग मित्र होता. काट्या. अंगभर काटे, पोट मऊ मऊ. घाबरला की त्याचा चेंडू व्हायचा. थंडी आली की काट्या पानांच्या ढिगात शिरायचा आणि झोपायचा. घुर्र घुर्र. उठायचा तो थेट फुलं फुलल्यावर. म्हणून काट्यानं बर्फ कधी पाहिलाच नव्हता. एकदासुद्धा नाही.

गेल्या थंडीत मिणूनं त्याच्यासाठी मूठभर बर्फ जपून ठेवला. गवतात गुंडाळला. मुळाखाली लपवला. फुलं फुलली. काट्या उठला. मिणूनं गवत उघडलं.

आत नुसतं पाणी. टिप टिप टिप.

“हा बर्फ?” काट्यानं विचारलं. त्याचे डोळे भरून आले. मिणूचेही आले.

“रडू नकोस,” मिणू म्हणाली. “पुढच्या थंडीत बर्फ पडला, की मी तुला उठवीन. नक्की!”

पुन्हा थंडी आली. काट्या झोपला. मिणू रोज दारात बसायची. वर बघायची. बर्फ काही येईना. रोज आपला पाऊस. टिप टिप टिप. मिणूला काट्याची फार आठवण यायची. एकटं एकटं वाटायचं.

एक दिवस ती म्हणाली, “आता पुरे! मीच जाते आणि बर्फ आणते.”

मिणू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

टेकडीवर ढग बसला होता. जाडजूड. करडा.

“ढगदादा, ढगदादा, बर्फ दे!
माझ्या काट्याला बर्फ दिसेना!”

ढगानं गाल फुगवले. “ना हवा, ना पाणी, एकदम मागणी! बर्फ देईन गं. पण मला गार वारा हवा. उत्तरेचा वारा वाहील, तर मी बर्फ देईन.”

मिणू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

टेकडीमागे उत्तरेचा वारा पडून होता. सूंऽऽ सूंऽऽ.

“वारेकाका, वारेकाका, वाहा ना!
ढग बर्फ देईना,
माझ्या काट्याला बर्फ दिसेना!”

वारा फुरफुरला. “ना हवा, ना पाणी, एकदम मागणी! वाहीन गं. पण चर्चवरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा माझ्याकडे पाठ करून बसलाय. बोलावल्याशिवाय मी कसा येऊ? कोंबडा वळेल, तर मी वाहीन.”

मिणू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. चर्चच्या भिंतीवरच्या वेलीवरून वर. आणखी वर. अगदी टोकावर!

“कोंबडेमामा, कोंबडेमामा, वळा ना!
वारा वाहेना,
ढग बर्फ देईना,
माझ्या काट्याला बर्फ दिसेना!”

कोंबडा कुरकुरला. कर्र कर्र. “ना हवा, ना पाणी, एकदम मागणी! वळेन गं. पण पावसानं माझी मान गंजली. तेल हवं. विल्फ आजोबा चढतील, तर मी वळेन.”

विल्फ आजोबा म्हणजे चर्चची देखभाल करणारे. दारं तेच पुसायचे, घंटाही तेच वाजवायचे.

मिणू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. टोकावरून खाली. आणखी खाली. आजोबा खुर्चीत बसले होते. मोठ्ठे मोजे घालून.

“आजोबा, आजोबा, चढा ना!
कोंबडा वळेना,
वारा वाहेना,
ढग बर्फ देईना,
माझ्या काट्याला बर्फ दिसेना!”

आजोबांनी चष्मा वर केला. “ना हवा, ना पाणी, एकदम मागणी! चढेन गं बाळ. पण घशाखाली चहा गेल्याशिवाय मी शिडीला हात लावत नाही. कधीच नाही. किटली उकळेल, तर मी चढेन.”

मिणू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. शेगडीवर किटली बसली होती. गप्प.

“किटलीताई, किटलीताई, उकळ ना!
आजोबा चढेनात,
कोंबडा वळेना,
वारा वाहेना,
ढग बर्फ देईना,
माझ्या काट्याला बर्फ दिसेना!”

किटलीनं झाकण आपटलं. खण्ण! “ना हवा, ना पाणी, एकदम मागणी! उकळेन गं. पण घरातलं दूध संपलंय. बिनदुधाचा चहा आजोबा तोंडालासुद्धा लावत नाहीत. गाय दूध देईल, तर मी उकळेन.”

मिणू निघाली. तुरु... तुरु... तुरु... पाय दमले होते बिचारीचे. शेपूट चिखलानं माखलं होतं.

कुरणात एक गाय उभी होती. तपकिरी. पावसात भिजलेली. एकटीच.

“गाईमावशी, गाईमावशी, दूध दे ना!
किटली उकळेना,
आजोबा चढेनात,
कोंबडा वळेना,
वारा वाहेना,
ढग बर्फ देईना,
माझ्या काट्याला बर्फ दिसेना!”

गाय काही रागावली नाही. मग हळूच म्हणाली, “दूध देईन गं. पण आधी माझ्याशी हवेचं बोलशील?”

“हवेचं?” मिणू म्हणाली. “एवढंच?”

“एवढंच,” गाय म्हणाली. “उन्हाळ्यात सगळे या कुंपणापाशी थांबायचे. छान ऊन आहे, नाही? असं म्हणायचे. मीही मान हलवायचे. आता पाऊस लागला. सगळे छत्री घेतात आणि पळतात. माझ्याशी कुणी बोलतच नाही. मला मुळीच करमत नाही गं.”

एकटं एकटं वाटणं मिणूला चांगलंच ठाऊक होतं.

ती कुंपणावर चढली. गाईच्या नाकाशेजारी बसली. घाई नाही. गडबड नाही.

“पण काय बोलू?” तिनं विचारलं. “मला येत नाही.”

“जे दिसतंय तेच बोलायचं.”

मिणूनं वर पाहिलं. खाली पाहिलं. “गाईमावशी, आज ओलं आहे, नाही?”

“ओलंच गं!” गाय खूश झाली. “काल तरी काय? कालही ओलंच.”

“आणि गारठाही आहे, नाही?”

“आहे ना! कान बघ माझे, कसे गार पडलेत!”

“यंदा बर्फ पडेल का हो?”

“पडावा बाई,” गाय म्हणाली. “पडला की कसं शांत शांत होतं. आवाजसुद्धा मऊ होतात.”

“माझ्या काट्यानं कधी पाहिलाच नाही,” मिणू म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. मूठभर बर्फ. गवत. टिप टिप पाणी. काट्याचे भरलेले डोळे. सांगता सांगता तिला रडू आलं. गाईनं तिच्यावर उबदार श्वास सोडला. हूंऽऽ.

“आण बरं वाटी,” गाय म्हणाली.

मिणूनं अक्रोडाचं टरफल आणलं. चुर्र चुर्र. टरफल भरलं! मिणूनं ते डोक्यावर घेतलं आणि निघाली. हळू हळू. सांडायचं नाही हं!

“किटलीताई, आज ओलं आहे, नाही?”

“ओलंच गं बाई! शेगडी सोडवत नाही!” किटली हसली. बघा, आता कशी शहाणी झाली आपली मिणू!

दूध आलं, किटली उकळली. खुदखुद खुदखुद.

“आजोबा, आज गारठा आहे, नाही?”

“गारठा? हाडं वाजताहेत नुसती!” आजोबांनी चहा घेतला. फुर्रर फुर्रर. मग घेतली शिडी, घेतलं तेल.

चहा झाला, आजोबा चढले. धप धप धप.

“कोंबडेमामा, वर फार वारं लागतं, नाही?”

“कुणीतरी विचारलं बाई!” कोंबडा म्हणाला.

तेल पडलं, कोंबडा वळला. कर्र, कर्र, सुर्रर! चोच थेट उत्तरेला!

“वारेकाका, टेकडीमागे गार असेल, नाही?”

“गार गार! ही थंडी मीच तर आणतो!” वारा उठून बसला.

कोंबडा वळला, वारा वाहिला. सूंऽऽ सूंऽऽ.

“ढगदादा, यंदा बर्फ पडेल का हो?”

ढगानं डोळे मिचकावले. “तुला काय वाटतं?”

“मला वाटतं... पडावा,” मिणू म्हणाली. “फार फार वाटतं.”

वारा वाहिला, ढगानं बर्फ दिला!

भुरभुर. भुरभुर. भुरभुर.

छपरं पांढरी. कुंपण पांढरं. गाईची पाठसुद्धा पांढरी! सगळे बाहेर आले. सगळे कुरणापाशी थांबले. “बर्फ पडला, नाही?” “मी म्हटलंच होतं!” “मीही म्हटलं होतं!” गाय सगळ्यांना मान हलवून हलवून दमली.

मिणू मात्र थांबली नाही. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु! थेट पानांच्या ढिगापाशी.

“काट्या, ऊठ! बर्फ!”

घुर्र घुर्र.

“काट्या, ऊठ ना रे!”

घुर्र घुर्र.

मिणूला वाटलं, आता काय करू? बर्फ टिकला नाही तर? वितळला तर? पुन्हा नुसतं पाणी?

मग ती बाहेर गेली. बर्फाचा एक कण घेतला. तळहातावर. पळत पळत आली. आणि काट्याच्या नाकावर ठेवला.

हळूच.

घुर्... घुर्...

काट्यानं एक डोळा उघडला. मिणूकडे पाहिलं. नाक हलवलं.

“मिणू,” तो म्हणाला, “आज गारठा आहे, नाही?”

“आहे ना!” मिणू म्हणाली. हसतही होती, रडतही होती. “बाहेर बघ तर!”

तिनं पानं बाजूला केली. काट्यानं बाहेर पाहिलं. भुरभुर, भुरभुर. पांढरं, पांढरं, सगळं पांढरं.

“हा बर्फ?”

“हा बर्फ.”

काट्या खूप वेळ बघत राहिला. मग मिणूला बिलगून बसला. काटे आत घेऊन. मऊ पोटाच्या बाजूनं. बघता बघता दोघांचे डोळे मिटले.

बर्फ पडला भुरभुर,
झोप आली घुरघुर,
आमची गोष्ट पांघरुणात,
आता तुम्हीही जा अंथरुणात.