शिंप्याची घंटा आणि एकटा लांडगा

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची की तेव्हा लोक वीज मडक्यात साठवत आणि लांडगे बोलत असत. कसे, ते मला विचारू नका. मी आपला गोष्ट सांगणारा.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला दोन वेशी, दोन आळ्या आणि दोन पंच. या पंचांचं मानापानावरून इतकं वाकडं, की एकाने नारळ आधी फोडला तर दुसऱ्याच्या आळीत चूल पेटत नसे. म्हणून गावाने रीतच पाडली होती: कुठल्याही कामाचा मुहूर्त दोन्ही पंचांनी एकाच क्षणी करायचा.

त्या गावात तुळाजी नावाचा शिंपी राहत असे. जत्रेत एका फिरस्त्याकडून त्याने विजेचं मडकं, तांब्याची तार, इवलासा दिवा आणि दोन कळा आणल्या. फिरस्त्याने त्याला बजावलं होतं, "दोन कळा जोडल्यास की आधी एक दाबून बघ, मग दुसरी, मग दोन्ही. आणि एकही न दाबता काय होतं, तेही बघ. मगच पुढं जा."

तुळाजीला या खेळाचं असं वेड लागलं, की गिऱ्हाइकांच्या अंगरख्यांना बाह्या लागेनात. त्याने कळा जोडल्या, गावच्या रीतीप्रमाणे दोन्ही एकदम दाबल्या, आणि दिवा लागला. एकेक कळ दाबून बघायचा त्याला कंटाळा आला. दिवा लागला म्हणजे विद्या आली, असं त्याला वाटलं.

त्याच सुमारास एक लांडगा गावात शिरू लागला. तुळाजीची बायको भागू हिची काळी शेळी गाभण होती. भागूचा तिच्यावर फार जीव. तुळाजीने चावडीवर छाती फुगवून सांगितलं, की दोन्ही वेशींत एकेक फळी बसवतो, फळीखाली कळ. लांडग्याचा पाय पडला की चावडीवरची घंटा आपोआप वाजेल.

मुहूर्त झाला. एका फळीवर एक पंच, दुसरीवर दुसरा, दोघांनी एकदम पाय ठेवला. घंटा खणखणली, गावाने टाळ्या पिटल्या आणि तुळाजीला फेटा बांधला.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना लांडगा आला. तुळाजी तेवढा ओसरीवर टाके घालत जागा होता. लांडगा फळीवर चढला. तुळाजी लांडग्याकडे न बघता घंटेकडे बघत बसला. घंटा गप्प. तोवर लांडग्याने एका पंचांचा मेंढा उचललासुद्धा.

जाता जाता तो म्हणाला, "शिंपीदादा, घंटा छान आहे. उद्या शेळीसाठी येतो."

गावात एकच गोंधळ झाला. एक पंच म्हणाले, लांडग्याला रीतभात नाही. दुसऱ्यांनी विचारलं, मेंढाच का नेला, आमचा बोकड काय कमी होता? भागूने मात्र नवऱ्यालाच धरलं.

"दोघं उभे राहिले तेव्हा वाजली," ती म्हणाली. "एकटा उभा राहिला तर वाजते का, हे बघितलं होतं का तुम्ही? माझी शेळी गेली तर त्या तारांसकट घराबाहेर व्हायचं."

तुळाजी मान खाली घालून घरात गेला. दिवा काढून एकच कळ दाबली. अंधार. दुसरी दाबली. अंधारच. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आपण दोन्ही कळा एकाच दोऱ्यात मण्यांसारख्या ओवल्या आहेत. एक जरी दाबायची राहिली तरी विजेची वाट तुटते. फळ्याही तशाच जोडलेल्या. त्याला स्वतःची फार लाज वाटली. मग त्याने प्रत्येक फळीपासून घंटेपर्यंत निराळी वाट काढली.

आता एकेकट्याने उभं राहून बघायला हवं होतं. पण पहिला कोण? पंच हटून बसले. शेवटी भागूने शेळीच आणली. शेळी एका फळीवर चढली, घंटा वाजली. दुसरीवर चढली, पुन्हा वाजली. खाली उतरली, घंटा गप्प. पहिला मान शेळीला मिळाल्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोलल्याप्रमाणे लांडगा आला. एकट्याला घंटा वाजत नाही, मग घाई कसली? फळीवर ऐसपैस बसून तो अंग चाटू लागला. घंटा अशी कडाडली, की सारं गाव काठ्या घेऊन धावलं. मार खाऊन पळताना लांडगा ओरडत होता, "मी एकटाच आहे! दुसरा कुणी नाही!"

त्यानंतर तो पुन्हा त्या गावाकडे फिरकला नाही. शेळीला दोन करडं झाली, आणि तुळाजीने आधी राहिलेल्या बाह्या शिवल्या.

तात्पर्य: पारख आपल्या सोयीने करू नये, संकट ज्या वाटेने येईल, त्या वाटेने करावी.