हुसेनशाची होडी

"महाराज, नावेत पाय ठेवलात तर परिक्रमा खंडित होईल. हे तुम्हीच शिकवलंत ना?"

त्र्यंबक नावेसमोर आडवा उभा होता. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यानं नदी ओलांडायची नाही, गुडघ्याच्या वर पाण्यात उतरायचं नाही. सगळे नियम त्याला तोंडपाठ होते. आपल्या हातून एकही मोडला नाही, याचा त्याला अभिमान होता.

"शिकवलं," केशवगिरी म्हणाले.

"मग?"

"हुसेनशा चाललाय."

समोरच्या काठावर दर्गा होता. तिथला म्हातारा फकीर आता काही दिवसांचाच सोबती आहे, असा निरोप सकाळी आला होता. तरुणपणी हे दोघं एका झोपडीत राहिले होते, एका चुलीवरचं जेवले होते.

"दोन वर्षांची तपश्चर्या आहे, महाराज."

"आहे..."

"एका फकिरासाठी घालवायची?"

केशवगिरींनी छाटी वर खोचली आणि नावेची कड धरली.

तेवढ्यात पलीकडून एक होडी येताना दिसली. तीत घोंगडीवर कुणीतरी आडवं होतं.

होडी काठाच्या अलीकडे खडकात अडकली. नावाड्याला एकट्याला ती हलेना. केशवगिरी पाण्यात उतरू लागले, तसा घोंगडीतून एक हात वर आला.

"थांब गिरी... पुढं येऊ नकोस."

आवाज बारीक होता, पण पाण्यावरून स्पष्ट ऐकू आला.

"म्हणून तर मी निघालो. तुझी परिक्रमा माझ्यापायी मोडली, तर वर जाऊन काय तोंड दाखवू?"

केशवगिरी जागच्या जागी थांबले.

त्र्यंबक त्या हाताकडे पाहत राहिला. मग तो पाण्यात शिरला. गुडघे बुडाले, कंबर बुडाली, छाती बुडाली. त्यानं होडीला खांदा लावून ती खडकातून सोडवली, काठाला आणली. फकिराला दोन्ही हातांवर उचललं आणि वाळूत बसलेल्या गुरूच्या मांडीवर त्याचं डोकं ठेवलं.

दोघे म्हातारे एकमेकांकडे पाहत राहिले.

नदी वाहत होती...

बऱ्याच वेळानं त्र्यंबकनं हात जोडले. अंगावरून पाणी निथळत होतं.

"महाराज, मी छातीभर पाण्यात गेलो. माझी परिक्रमा...?"

केशवगिरींनी मान वर केली नाही.

"ह्याच्या डोळ्यांवर ऊन येतंय. जरा इकडं सरकून उभा राहा."