तेलासाठी थांबलेलं गाव

ही गोष्ट पुष्कळ जुनी आहे. जनावरं तेव्हा बोलत असत. त्यांचं ऐकणारी माणसं मात्र तेव्हाही थोडीच होती.

नदीकाठच्या एका गावात एक तेली राहत होता. त्याच्याकडे एक लाकडी घाणा होता आणि तो ओढायला एकच बैल. गावातल्या बायका तीळ आणून देत, तेली तेल काढून देई आणि आपल्या मेहनतीचे थोडे तीळ ठेवून घेई. माणूस वाईट नव्हता. पण नदीपलीकडे दुसरा घाणा सुरू झाला आणि त्याची झोपच उडाली. त्याने गावभर सांगून टाकलं, "सकाळी तीळ द्या, संध्याकाळी तेल न्या!"

लोक खूश झाले. एखादी गोष्ट लवकर मिळतेय म्हटल्यावर कोण नको म्हणेल? तुम्ही-आम्हीही म्हटलं नसतं. आजवर दिवसाला तिळाचे दोन घाणे काढणारा बैल आता चार घाणे काढू लागला.

त्या गावात एक सुईण होती. लहानथोर सगळे तिला माय म्हणत. बाळ-बाळंतिणींना ती रोज तेल लावी, त्यामुळे गावात सगळ्यांत जास्त तेल तिलाच लागे. एकदा ती घाण्यावर आली, तर बैलाच्या मानेपर्यंत लाल झूल ओढलेली आणि शिंगांना गोंडे बांधलेले.

"आज कुठला सण रे बाबा?" मायने विचारलं.

"सण कशाला हवा, माय? गिऱ्हाइकांना बरं वाटतं," असं म्हणून तेली तेल आणायला घरात गेला.

मायने झूल जरा वर उचलली. खाली बैलाचा खांदा सोलवटून लाल झाला होता. रोज नव्या जिवाला हात लावणारी बाई ती. या घाण्याचं तेल आता घ्यायचं नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

"झाक ती झूल, माय," बैल हळूच म्हणाला. "घाव दिसला तर लोक नदीपलीकडे जातील. मालकाच्या घरात चार लेकरं आहेत, ती काय खातील? आणि पलीकडच्या घाण्यालाही बैलच जुंपलाय की."

तेल घेणं बंद करणं सोपं होतं. पण त्याने बैलाचा खांदा बरा होणार नव्हता.

तेवढ्यात तेली बाहेर आला. वर केलेली झूल पाहून त्याची मान खाली गेली.

"काय करू, माय? संध्याकाळी तेल दिलं नाही, तर माझ्याकडे येणार कोण?"

"खांदा भरायला किती दिवस लागतील?"

"महिना तरी. आणि पुढेही दिवसाला दोनच घाणे झेपतील त्याला."

"मग आजच सोड त्याला. गिऱ्हाइकांचं मी बघते."

सुईणीला कुठल्या घराचं दार बंद असतं? माय घरोघरी गेली आणि प्रत्येकीला एवढंच म्हणाली, "तुझा तेलाचा बुधला दाखव बघू." कुणाचा अर्धा भरलेला होता, कुणाचा गळ्यापर्यंत. एकीच्या घरी तर तीन बुधले ओळीने भरून ठेवले होते.

"मग संध्याकाळपर्यंत तेल कशाला हवं होतं गं? तिकडे बैलाचा खांदा सोलवटलाय."

ती बाई ओशाळली. "घाई नव्हतीच, माय. तो देत होता, आम्ही आणत होतो. बैलाकडे पाहिलंच नाही कुणी."

एक-दोघी फणकारल्या आणि तीळ घेऊन पलीकडे गेल्या. बाकीच्या बायकांनी ठरवलं, आहे त्या तेलात महिना काढायचा. शिवाय तेल्याच्या वाट्याचे तीळ आधीच नेऊन द्यायचे, म्हणजे त्याची चूल विझायची नाही. महिनाभर तळण बंद झालं. पुरुषमंडळींनी ताटावर बसून थोडी कुरकुर केली, पण बायकांनी तिकडे कानाडोळा केला.

महिन्याने बैलाचा खांदा भरला. तेल्याने जोखडाखाली मऊ गादी बांधली आणि घाणा सावकाश फिरू लागला. आधी घाईने घाणा तापे, तेलाला करपट वास येई. आता तेल निवळ उतरलं. बायका भोवती जमल्या होत्या. मायने पहिलं तेल ओंजळीत घेतलं आणि तान्ह्या बाळाला लावावं तसं बैलाच्या खांद्याला चोळलं. बैलाने डोळे मिटून घेतले.

तेली हात जोडून उभा राहिला. "बायांनो, मला सोडून जाणं तुम्हाला सोपं होतं. तुम्ही थांबलात आणि मला नीट वागायची संधी दिलीत. माझा बैल तुमच्यामुळे जगला आणि मी माणसात आलो. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

हळूहळू त्याच्या तेलाची कीर्ती पसरली. दूरदूरच्या गावांतून लोक येऊ लागले आणि "तीन दिवसांनी या" म्हटलं तरी आनंदाने थांबू लागले. ते पाहून नदीपलीकडच्या बायकांनीही आपल्या घाण्यावर जाऊन बैलाचा खांदा पाहायला मागितला. पुढच्याच आठवड्यात तिकडेही दिवसाला दोनच घाणे निघू लागले.

तात्पर्य : घेणारा जसं मागतो तसं विकणारा करतो, म्हणून मागण्याआधी राबणाऱ्याकडे एकदा पाहावं.