कच्च्या कणकेतला चोर

"या बाईची गाढवावरून धिंड काढा आणि हाकलून द्या राज्याबाहेर!" राजा शूरपाळ ओरडला आणि पोट धरून पुन्हा परसाकडे पळाला.

झालं होतं असं, की परवा मुदपाकखान्यात शंकरपाळ्यांची गोड कणीक मळून ठेवली होती. राजेसाहेबांनी येता-जाता तिचे लचके तोडले आणि कच्चेच गिळले. कढईत तेल तापेपर्यंत दम धरतील तर ते राजे कसले! मग ताप, उलट्या, जुलाब, काही विचारू नका. वैद्यराजांनी नाडी धरली आणि नाव घेतलं कणीक मळणाऱ्या भिवराबाईचं. राजाच्या हावरटपणाचं नाव घेण्याची छाती कुणाची?

राजा परत येऊन आसनावर टेकला. भिवराबाई पदर खोचून समोर उभी राहिली.

"महाराज, त्याच कणकेच्या तळलेल्या शंकरपाळ्या राणीसाहेबांनी वाडगाभर खाल्ल्या. त्या ठणठणीत! माझ्या हातचं विष काय तोंड बघून शिरतं?"

"मग दोष कुणाचा?"

"कच्च्या पिठाचा!"

दरबार खो-खो हसला. प्रधानजी म्हणाले, "अगं, पीठ म्हणजे साक्षात अन्नपूर्णा! जात्यातून निघालेलं, पांढरंशुभ्र! त्यात कसला दोष?"

"प्रधानजी, खळ्यात गव्हावरून बैल फिरतात, ते शेण टाकायला तुमची परवानगी मागतात का? जातं दळतं, भाजत नाही. ती घाण मरते आगीनं!"

"अस्सं?" राजा गुरगुरला. "मग पिठातला तो चोर आत्ता माझ्यासमोर हजर कर. नाहीतर गाढव दारात उभंच आहे!"

"करते की. पण माझ्या हातात विष ना? मग मी कशालाच शिवायची नाही. पीठ तुमच्या कोठीतलं, गूळ प्रधानजींनी आणावा आणि कणीक मळावी वैद्यराजांनी!"

वैद्यराजांनी मळली. शालीसकट बरबटले बिचारे! अर्ध्या गोळ्याच्या पोळ्या आचाऱ्यानं सगळ्यांसमोर खरपूस भाजल्या. अर्धा गोळा परातीत कच्चाच ठेवला.

"आता पीठ निर्दोष म्हणणाऱ्यांनी पुढं यावं," भिवराबाई म्हणाली. "महाराजांसारखा मूठभर कच्चा घास घ्यावा!"

प्रधानजींनी राजाचे खोल गेलेले डोळे पाहिले. "माझी आज एकादशी आहे."

"माझी चतुर्थी," खजिनदार पुटपुटले.

"माझी... शिवरात्र!" वैद्यराज म्हणाले.

"अगं बाई! तीन तिथ्या एकाच दिवशी? बरं, मग या भाजलेल्या पोळ्या गड्यांना वाटून टाका."

आचाऱ्यानं वरून तूप सोडलं. वास सुटला आणि तिघांचेही हात पुढं आले! एकादशी, चतुर्थी, शिवरात्र, सगळे उपास पहिल्याच घासाला सुटले.

"पण चोर कुठाय?" राजानं विचारलं.

"वारा कुणाला दिसतो, महाराज? पानं हलली की कळतो. कच्चा गोळा पुढं केला, तर तुमच्या दरबारातलं पानन् पान हललं! दोष माझ्या हातात असता, तर वैद्यराज स्वतःच मळलेल्या कणकेला का घाबरले?"

राजा इतका हसला, की दुखरं पोट दोन्ही हातांनी आवळून धरावं लागलं!

"सोन्याच्या पाटल्या दिल्या तुला! आणखी काय हवं?"

"एक हुकूम. कच्च्या कणकेत बोट घालील, त्याच्या बोटावर लाटणं मारायचा हक्क माझा!"

"आणि बोट आमचं असलं तर?"

"तर दोनदा!"

हसत हसत राजानं हुकमावर शिक्का मारला.