अर्धी कानोन

जपानातल्या मिनेझावा गावाच्या वरच्या अंगाला एका जुनाट झाडाच्या खोडात कानोन आहे. कानोन म्हणजे तिथली करुणेची देवी. झाड जिवंत आहे. चेहरा पुरा, डोळे टक्क उघडे, पण गळ्याखाली नुसती साल. ना हात, ना हातातले कमळ. नवखा माणूस हमखास विचारतो, कारागीर मध्येच उठून गेला की काय? देवळाची झाडलोट करणाऱ्या ओकुमेआजींना या प्रश्नाचा भारी राग.

"कारागीर कुठला, बाई होती ती. आणि उठून बिलकुल गेली नाही. बसा, सांगते."

ओतामे ही मूर्तिकार हेइसाकूची मुलगी. बापाने जन्मभर खपून गावासाठी लाकडाची कानोन घडवली, आणि किल्ल्यातल्या सरदाराला ती आवडली. आवडली म्हणजे गेलीच. शिपायांनी मूर्ती गवतात गुंडाळली आणि उचलून नेली. बाळंतपणाआधी तिच्यापुढे हात जोडणाऱ्या बायका रिकाम्या चौथऱ्यापुढे हात जोडू लागल्या. हेइसाकूने हाय खाल्ली आणि त्यातच तो गेला. ओतामेने रडणे आवरले, बापाची छिन्नी घेतली आणि थेट उभ्या झाडातच कोरायला बसली. आता न्या म्हणावं उचलून!

सरदाराला बातमी लागायची ती लागलीच. चेहरा नुकता आकाराला आला होता, पापण्या अजून मिटलेल्या होत्या, तोच त्याचा कारभारी लाकूडतोडे घेऊन हजर झाला. लाकूडतोडे त्याच डोंगरातले. त्यांचे हात पुढे होईनात.

"मालक, देवीवर करवत कशी चालवायची?"

"कसली देवी?" कारभारी हसला. "डोळे उघडले नाहीत तोवर निव्वळ लाकूड. चालवा."

बोलणे खोटे नव्हते. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी, भिक्षूने मंत्र म्हणून उघडायचे आणि मगच तिच्यात देवपण येते, अशी तिथली रीत. बाईने त्या कामाचे नावही काढायचे नाही.

भिक्षू दरीपलीकडे होता आणि करवत खोडाला टेकली होती. ओतामे मनातून पार हादरली होती, असे सांगतात. बापाने तिला कधी पापणीला हात लावू दिला नव्हता. तरी तिने छिन्नी डाव्या पापणीखाली टेकवली, मग उजव्या. मंत्र येत नव्हता, म्हणून बापाचे नाव घेतले. भुसा फुंकला आणि बाजूला झाली.

"उघडले डोळे. तुमच्याच बोलण्याप्रमाणे आता ही देवी झाली. चालवा करवत. बघतेय ती."

लाकूडतोड्यांनी करवत खाली ठेवली आणि गुडघे टेकले.

"बाईने उघडलेले डोळे खरे नव्हेत!" कारभारी ओरडला.

"मग तुम्ही चालवा."

त्याने करवत उचलली, म्हणे. वर पाहिले. पुन्हा खाली पाहिले. मग करवत तिथेच टाकून डोंगर उतरू लागला.

पुढे मोठ्या देवळाने निरोप धाडला, की विधी नीट करून घेऊ, मूर्तीही पुरी करून देऊ. ओतामेने साफ नकार दिला. "पुरी झाली की पुन्हा कुणाला तरी न्यावीशी वाटेल," ती म्हणाली.

झाड वाढते आणि साल दरवर्षी डोळ्यांवर चढू बघते. आजही थंडी सरली की मिनेझावाच्या बायका शिडी लावून वर जातात आणि छिन्नीने ती साल मागे सारतात. भिक्षू खाली शिडी धरून उभा असतो. वर चढायची त्याला परवानगी नाही.