खरवसाचा थेंब

विमानतळावरील सुरक्षा तपासणीचे शास्त्र मोठे अद्भुत आहे. एका देशात कमरेचा पट्टा संशयास्पद ठरतो, तर दुसऱ्या देशात तोच निर्दोष असतो; आणि प्रत्येक देशाला आपलाच नियम ब्रह्मवाक्य वाटतो.

शकुंतलाबाई टिपणीस मस्कतला आजारी बहिणीकडे निघाल्या होत्या. अन्नावरची वासना उडालेल्या त्या बहिणीने केवळ खरवस मागितला होता. नेमका त्याच खरवसाचा डबा तपासणी अधिकारी भालेकर यांनी अडवला.

"आजी, हे दूध आहे. दूध म्हणजे द्रव पदार्थ. टाकून द्या."

"अहो, दुधाचा असला तरी खरवस आहे तो! गेल्या वर्षी परदेशातल्या दोन विमानतळांवरून असाच डबा सुखरूप गेला."

"तिकडचे कायदे तिकडे. इथे शंभर मिलिलिटरच्या वर एक थेंबही जाणार नाही!"

"रास्त आहे. मग जेवढे थेंब निघतील, तेवढे आपण ओतून घ्या. उरलेला मी नेते."

भालेकरांनी रुबाबात झाकण काढून डबा ट्रेवर उपडा धरला. काही पडेना. त्यांनी तो हलवला, बुडावर टिचक्या मारल्या. परंतु घट्ट वाफवलेला खरवस जागचा हलला नाही. रांगेत खसखस पिकली.

शकुंतलाबाई बाकावर शांतपणे बसल्या. "सावकाश चालू द्या, साहेब. पहिला थेंब पडला की हाक मारा. मात्र माझे विमान चुकले, तर कारण लेखी द्या : 'खरवस ओतत होतो.'"

भालेकरांनी झाकण लावले आणि डबा स्वहस्ते बाईंच्या पिशवीत ठेवला.