बिनडोक्याचा मोर

इंग्रजांच्या मुलखात थॉर्नमियरच्या किल्ल्यामागं जी मोठी बाग आहे, तिच्यात झाडं कापून केलेले बारा मोर आहेत. दोन पुरुष उंच, गडद हिरवे. यू नावाचं झाड असतं तिकडं, आपल्या सुरूसारखं दाट, पण वाढायला इतकं आळशी की बोटभर वाढायला वर्ष घेतं. त्या झाडाला कापून कापून हे मोर केलेत. अकरा मोरांना डोकी आहेत, चोची आहेत, तुरे आहेत. बाराव्याची मान सरळ वर जाते आणि तिथंच संपते. डोकं नाही.

बघायला आलेला माणूस हमखास तिथंच थांबतो. अकरा मोर धड आहेत ते कोण बघतंय!

विजूमावशी धोत्रे शनिवारी तिथं गाईड असते. मूळची इचलकरंजीची, तिकडं जाऊन तीसेक वर्षं झाली. आपल्याकडच्या माणसांची बस आली की ती खंदकावरच्या पुलापाशी उभी राहून मराठीत सुरू होते, आणि इंग्रज गाईड नुसते बघत बसतात. बाराव्या मोरापाशी कुणीतरी म्हणतंच, "कीड लागली असंल झाडाला."

"कीड नाही हो," मावशी म्हणते. "पैज लागली."

आणि मग आवाज खाली घेऊन सांगते. ते असं.

दोनशे वर्षांपूर्वी या बागेत हेस्टर नावाची बाई खुरपणीला होती. पंचविशीची असेल. बायकांनी फक्त खुरपायचं, गुडघ्यावर बसून, वाटेच्या कडेकडेनं. हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. कात्रीला तर हातच लावायचा नाही, ते पुरुषांचं काम. पण हेस्टर म्हणजे वात्रटपणाचं पोतं. स्वयंपाकिणीच्या टोपीच्या पेटीत तिनं एकदा जिवंत काटेरी उंदीर ठेवला होता म्हणे, आणि तबेल्यातल्या मोतद्दाराच्या बुटात मुरंबा. सापडली मात्र कधीच नाही. काही झालं की सगळ्यात आधी तीच ओरडायची, "अरे देवा, कुणी केलं हे?"

हेड माळी होता सायलस. सत्तरी गाठलेला, एकटा. हे मोर त्याच्याच हातचे. बागेच्या भिंतीला लागून त्याचं दगडी घर होतं, आणि नियम असा की ज्याच्या हातात हेड माळ्याची कात्री, त्याचं ते घर. कात्री गेली की घर गेलं.

बारा मोर किल्ल्याच्या बाईसाहेबांच्या नवऱ्यानं लग्नाच्या साली लावून घेतले होते. नवरा पुढं वारला. बारावा मोर तेवढा तेव्हा अपुरा होता. आता मोराची शेपूट कापताना चुकली तर वर्षा-दोन वर्षांत भरून येते. पण डोकं एकाच फांदीचं असतं. एकच कोंब निवडायचा, काठीला बांधायचा, वाकवायचा, आणि वाट बघत बसायचं. बाराव्याचं डोकं व्हायला सोळा वर्षं लागली. बाईसाहेब रोज सकाळी खिडकीतून आधी ते बघायच्या, मग चहाला हात लावायच्या, असं सांगतात.

सायलसनं हेस्टरला चोरून कात्री शिकवली होती. दुपारी सगळे माळी भिंतीच्या सावलीत जेवायला बसले की तो तिला मोरांच्या मागच्या बाजूला न्यायचा. ती त्याला काय हाक मारायची कुणास ठाऊक, विजूमावशी सांगताना 'बाबा'च म्हणते.

"बघू नकोस," तो सांगायचा. "डोळे फसवतात. पानावर हात ठेव. हाताला कळतं कुठं थांबायचं ते."

हेस्टरला वाटायचं, म्हातारा मायाळू आहे म्हणून शिकवतोय. एवढंच कारण तिला ठाऊक होतं.

आता पैज. तबेल्यात रूफस नावाचा मोतद्दार होता, तोच मुरंब्याच्या बुटाचा. एका दुपारी, सायलससकट सगळे माळी जेवायला बसलेले असताना, तो तिला खुरपताना बघून म्हणाला, "जन्मभर गवतच उपट तू."

हेस्टरची जीभ कधी गप्प बसलीय? "मी कात्री पण चालवते."

"तू? कात्री? चमचा तरी धरता येतो का नीट?"

"डोळे बांधून चालवीन!"

रूफसनं लगेच पकडलं. "बांध मग. तो बघ, शेवटचा मोर. शिडी लावलेलीच आहे. त्याचं डोकं डोळे बांधून साफ करून दाखव. केलंस तर आठवडाभर तुझं खुरपण मी करीन, गुडघ्यावर बसून, सगळ्यांसमोर."

रूफस गुडघ्यावर! एवढ्यासाठी तर ती दुसरा पण मोर कापायला तयार झाली असती. ती आजवर नुसत्या शेपट्यांवर शिकली होती. डोक्याला बाबानं तिला कधी हात लावू दिला नव्हता. हे तिला आठवलं. तरी ती शिडी चढली.

एप्रनचं टोक फाडून तिनं डोळ्यावर घट्ट पट्टी बांधली. एक हात पानावर ठेवला. पहिले चार काप बरोबर पडले. खाली रूफस गप्प झालेला कळला आणि तिला चेव आला. पाचवा काप तिनं जरा ऐटीत घेतला.

पायावर काहीतरी हलकंसं पडलं. तिला वाटलं, पाचोळा.

"हेस्टर," रूफस खालून म्हणाला. त्याच्या आवाजात हसू नव्हतं. "खाली उतर."

तिनं पट्टी वर सरकवली. मोराचं डोकं शिडीच्या पायरीवर पडलं होतं, चोच वरती करून. सोळा वर्षं, आणि एका हातात मावेल एवढं.

रूफस तबेल्याकडं पळाला. हेस्टर पळत वाफ्यात आली, खुरपं घेतलं आणि गुडघ्यावर बसली. पट्टीची गाठ सुटेना, म्हणून पट्टी तशीच ओढून काढून खिशात कोंबली.

जेवणं झाली. सायलस शिडी चढला, कारण सकाळी त्याच मोराचं काम त्यानं अर्धं सोडलं होतं. त्यानं डोक्याला हात लावायला हात पुढं केला. हात हवेत गेला. परत केला. परत हवेत. मग तो शिडीवरच खाली बसला.

हेस्टर तयारीतच होती, 'अरे देवा, कुणी केलं हे?' म्हणायला. पण कुणी विचारलंच नाही. सायलस तसाच उठला आणि बाईसाहेबांपुढं गेला. सगळे माळी जमले. त्यानं कात्री गवतावर ठेवली.

"माझ्या हातून झालं," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली बाईसाहेब, मला मोराची चोच दिसत नाही. माणसाचं तोंड पण दिसत नाही. मी हाताच्या भरवशावर कापत होतो आणि कुणाला बोललो नाही. आज सकाळी हात चुकला."

हेस्टरला आता उमगलं. म्हणजे बाबा तिला मायेनं शिकवत नव्हता नुसता. त्याचे डोळे जात होते, आणि आपल्यामागं ही हातोटी कुणाच्या तरी हातात राहावी म्हणून तो घाई करत होता.

त्या वेळी बोलायचं होतं. ती बोलली नाही.

बाईसाहेब काही रागावल्या नाहीत म्हणे. त्यांनी त्या मानेकडं बघितलं. मग म्हणाल्या, शनिवारी नवा माळी येईल, तोवर घर सोडा. सायलसला जायला ठिकाण नव्हतं. ते त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

हेस्टर रूफसकडं गेली. "सांगू या का?"

"तुला कुणी विचारलंय?" रूफस म्हणाला. "म्हाताऱ्याला तसंही दिसत नाही. आज ना उद्या जाणारच होता. तू सांगितलंस तर तू जाशील, वर त्यानं बाईला कात्री दिली म्हणून तो पण जाईल. गप्प बस."

बोलणं खोटं नव्हतं. म्हणून ती तीन दिवस गप्प बसली.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, ती त्याचं सामान बांधायला गेली. घर बघून तिला आधी काही कळेना. सायलस खुर्चीत बसला होता, कोटाची बटणं उघडी. टेबलावर किटली भरलेली, कप रिकामा. सकाळपासून तसाच.

"आलीस का? चहा ओत गं जरा," तो म्हणाला. "माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही."

तिनं ओतला. मग त्यानं बटणं लावून द्यायला सांगितली. जो माणूस डोळे नसताना बारा मोरांची पिसं कापायचा, तो आता स्वतःच्या बटणाला हात लावायला भीत होता. हेस्टरला कळलं की आपण नुसतं मोराचं डोकं नाही कापलं.

शनिवार उजाडला. सगळे माळी हिरवळीवर गोळा झाले, बाईसाहेब आल्या, नवा माळी आला. सायलसची कात्री परत गवतावर मांडली होती, ती नव्या माणसानं उचलायची एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात हेस्टर वाटेवरून उतरली आणि हिरवळीवर चालत गेली. खुरपणारी बाई हिरवळीवर! कुणी तरी "ए, मागं हो!" म्हणून ओरडलं. ती थांबली नाही. तिनं खिशातली पट्टी काढली, गाठ तशीच होती, आणि ती कात्रीवर ठेवली.

"मोराचं डोकं मी कापलं," ती म्हणाली. "डोळे बांधून. पैजेवर. बाबाचा हात चुकला नाही."

सायलसच सगळ्यात आधी बोलला, आणि तो तिच्यावर चिडला.

"मला वाचवायला खोटं बोलू नकोस, पोरी."

"खोटं नाही, बाबा. चढा आणि हात लावून बघा."

शिडी आणली. तो चढला. तुटक्या मानेवरून त्यानं अंगठा फिरवला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. सायलस डावखुरा होता. त्याचा काप नेहमी उजवीकडं उतरायचा. हा काप डावीकडं उतरत होता, उजव्या हातानं घेतल्यासारखा.

"हा माझा नाही," तो वरूनच म्हणाला. मग परत म्हणाला, मोठ्यानं, "हा माझा काप नाही!" आणि खाली उतरताना त्यानं कोटाची बटणं स्वतःच्या हातानं लावली, असं सांगतात.

बाईसाहेबांनी नव्या माळ्याला परत पाठवला. हेड माळी सायलसच राहिला आणि घर पण त्याचंच. हेस्टरला त्या म्हणाल्या, "तू पळून जायचं नाही. सोळा वर्षं लागली होती. बस आता इथंच आणि आण ते डोकं परत. आणि कात्री तुझ्या हातात राहील, तो शिकवेल तशी." रूफसला कुणी शिक्षा केली नाही, पण पुढचा आठवडाभर तो गुडघ्यावर बसून गवत उपटत होता. कुणी सांगितलं नव्हतं.

हेस्टरनं दर वसंतात नवा कोंब काठीला बांधला. दर थंडीत तो जळून गेला. पहिले आठ हिवाळे बाबा होता, अंगठ्यानं चाचपून सांगायला की कोंब गेला. मग तो पण गेला. ती एकोणचाळीस वर्षं बांधत राहिली. बाकी अकरा मोर तिच्या हाताखाली कधी नव्हते इतके देखणे झाले, पण बाराव्यानं डोकं काढलं नाही.

आजही काढत नाही. आणि आजही ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, वर्षाची छाटणी सुरू व्हायच्या आधी, थॉर्नमियरचे सगळे माळी त्या मोरापुढं गोल उभे राहतात आणि कात्र्या गवतावर ठेवतात. मग वर्षभरात आपण काय बिघडवलं ते एकेक जण मोठ्यानं सांगतो. कुणी गुलाबाला पाणी द्यायला विसरलेला असतो, कुणी फरशी फोडून नाव दुसऱ्यावर ढकललेलं असतं. विजूमावशी पण उभी राहते. गेल्या वर्षी तिनं सांगितलं की पावसात भिजायचा कंटाळा आला म्हणून तिनं एका बसला निम्मी बाग दाखवलीच नाही.

पण सुरुवात हेड माळीच करतो, मग तो कुणीही असो, त्यानं काही केलेलं असो वा नसो. कात्री खाली ठेवून तो त्या मानेकडं बघतो आणि हेस्टरचं वाक्य म्हणतो.

"मोराचं डोकं मी कापलं."